क्रेडिट आले, पण बसले कुठे?

कॉलेज बदललं की क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या पेपरांच्या तासांनुसार मिळणारी एककं, ट्रान्सफर होतात, असं सगळेच सांगतात. खोटं नाही ते. माझे पहिल्या वर्षाचे सगळे ४४ क्रेडिट नव्या कॉलेजच्या कागदावर आले, एकही गहाळ झाला नाही. तरीही एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसले तेव्हा माझ्या नावावर १० क्रेडिटची थकबाकी होती. आणि पॉइंटर, म्हणजे दहापैकी सरासरी ग्रेड किंवा सीजीपीए, ८.८२ वरून थेट ८.०० वर आला होता, तोही कुठल्याच पेपरचा एक मार्कसुद्धा इकडचा तिकडे न होता. हे कसं होतं, ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

बाबांची बदली झाली आणि मी बीएस्सीचं पहिलं वर्ष संपवून दुसऱ्या शहरात आले. विद्यापीठही बदललं. जुनं कॉलेज विद्यापीठाला संलग्न होतं, नवं स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारं. दोन्ही महाराष्ट्रातलीच. दोन्हीकडे नवं शैक्षणिक धोरण, दोन्हीकडे सत्राला २२ आणि वर्षाला ४४ क्रेडिट, दोन्हीकडे माझा विषय संख्याशास्त्र. त्यामुळे घरात सगळ्यांची समजूत अशी की ४४ दिले, ४४ घेतले, संपला विषय.

घोळ इथेच आहे. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यात चार वर्षांच्या पदवीचा आराखडा आला. स्वायत्त कॉलेजांत तो २०२३-२४ पासून, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झाला. या आराखड्यात क्रेडिट नुसते मोजत नाहीत, ते खान्यांत विभागलेले असतात. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओई म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतला खुला विषय. शिवाय व्हीएससी आणि एसईसी ही कौशल्यांची दोन भावंडं, एईसी म्हणजे भाषा, व्हीईसी म्हणजे मूल्यशिक्षण, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली आणि सीसीमध्ये एनएसएस, क्रीडा, योग वगैरे. पदवी मिळायला एकूण बेरीज पुरत नाही, प्रत्येक खान्यातली बेरीज पुरी व्हावी लागते. वर्षाची एकूण बेरीज दोन्हीकडे सारखी असली, तरी कुठल्या खान्यात किती, ही मांडणी माझ्या दोन कॉलेजांत वेगळी निघाली.

जुन्या ठिकाणी एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, मेजर नावाचा प्रकारच नव्हता. संख्याशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र असे तीन विषय, तिन्ही सारख्याच तोलाचे, सत्राला प्रत्येकी ४ क्रेडिट. दोन थिअरीचे, दोन प्रॅक्टिकलचे. यातला मेजर कुठला ते एसवायला ठरवायचं. मला ती पद्धत आवडायची, सतराव्या वर्षी आयुष्याचा विषय निवडायला लावत नाहीत म्हणून. नव्या कॉलेजात मात्र पहिल्या दिवसापासून मेजर ठरलेला आणि त्याला सत्राला ६ क्रेडिट. म्हणजे इथली मुलं एफवाय संपवताना संख्याशास्त्राचे १२ क्रेडिट घेऊन बसली होती, माझ्याकडे ८ होते. उलट माझ्याकडे गणिताचे ८ आणि संगणकाचे ८ होते, जे त्यांच्याकडे नव्हतेच. मी काही कमी शिकलेली नव्हते, पण त्यांच्या खान्यांत बसणारं शिकलेली नव्हते.

हे कळेपर्यंत कागदपत्रांचं चक्र सुरू झालेलं होतं. त्यावर फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. टीसी, मायग्रेशन सर्टिफिकेट, दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी. जुनं कॉलेज म्हणतं, प्रवेश मिळाल्याचं पत्र दाखवा मग टीसी देतो. नवं म्हणतं, टीसी आणा मग प्रवेश देतो. शेवटी हमीपत्रावर हंगामी प्रवेश मिळाला आणि गाडी पुढे सरकली. एवढं मात्र सांगते, टीसी हातात पडली की जुन्या कॉलेजचा दरवाजा बंद होतो. त्यामुळे नव्या कॉलेजने तुमचे क्रेडिट कसे धरलेत, ते त्यांच्या सही-शिक्क्यानिशी हातात येईपर्यंत टीसीचा अर्ज लांबवता आला तर लांबवावा.

एक कागद असा आहे जो यादीत कुणी ठळक लिहीत नाही आणि सगळं त्याच्यावरच अडतं. तो म्हणजे अभ्यासक्रम. मार्कशीटवर फक्त पेपरचं नाव आणि कोड असतो. त्या पेपरात काय शिकवलं हे समोरच्याला कळायला जुन्या विद्यापीठाचा मंजूर सिलॅबस लागतो, प्रत्येक पानावर कॉलेजचा शिक्का असलेला. मी तिन्ही विषयांचा, ओईचा आणि एसईसीचा सिलॅबस घेऊन गेले. जुन्या कॉलेजच्या ऑफिसातले काका शिक्का मारता मारता म्हणाले, "एवढं सगळं कोण वाचतंय, पोरी?" वाचलं. ओळ न् ओळ वाचलं.

त्याआधी क्रेडिट बँकेचं प्रकरण. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, लोक एबीसी म्हणतात ते. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै २०२१ मध्ये याचे नियम काढले. डिजिलॉकरमधून खातं निघतं आणि आता ते अपार आयडीशी, म्हणजे विद्यार्थ्याच्या देशपातळीवरच्या ओळख क्रमांकाशी, जोडलेलं आहे. माझी समजूत अशी होती की खात्यात ४४ दिसतात म्हटल्यावर नवं कॉलेज ते उचलून घेईल. पण नव्या कॉलेजच्या क्लार्क मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "आमच्याकडे २२च दिसतायत. दुसरं सेम कुठाय?"

दुसरं सेम जुन्या विद्यापीठाने चढवलेलंच नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की त्या सत्राच्या यादीत माझं नाव जुळत नव्हतं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं नाव, आधारवर माझं नाव आधी आणि आडनाव शेवटी. पहिल्या सत्राला कुणीतरी हाताने दुरुस्त केलं असावं, दुसऱ्याला राहिलं. नावात बँक असली तरी या खात्यात विद्यार्थ्याला स्वतःहून काहीही भरता येत नाही, क्रेडिट जमा करायचा अधिकार संस्थेचाच. त्यामुळे मी मार्कशीट अपलोड करते, चालेल का, असं विचारण्यात अर्थ नसतो. जुन्या परीक्षा विभागाला अर्ज, सोबत आधारची प्रत, गुणपत्रिकेची प्रत, आणि मग वाट बघणं. प्रवेश बदलायचा विचारही मनात आला असेल तर आजच डिजिलॉकर उघडून सगळी सत्रं दिसतात का ते बघा. हे काम तुम्ही त्या कॉलेजचे विद्यार्थी असताना जितकं सोपं आहे, तितकं नंतर राहत नाही.

पण खरी गोष्ट अशी की ४४ दिसायला लागल्यावरही काही झालं नाही. एबीसी एवढंच सांगते की या मुलीने हे क्रेडिट खरंच मिळवलेत. ते आपल्याकडच्या कुठल्या पेपरच्या जागी धरायचे, हे नवी संस्था ठरवते. त्याला समकक्षता म्हणतात, आणि माझं सगळं भवितव्य त्या एका बैठकीत ठरलं.

संख्याशास्त्राच्या एचओडी मॅडम, गणिताचे एक सर आणि परीक्षा विभागाचे एक सर. टेबलावर माझा सिलॅबस एका बाजूला, त्यांचा दुसऱ्या बाजूला. मॅडमच्या हातात पेन्सिल. त्यांचा दंडक असा होता की पेपरचं नाव सारखं असून भागत नाही, साधारण पाऊण भाग जुळला पाहिजे आणि क्रेडिटचे तासही जुळले पाहिजेत. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३०. त्यांच्या पहिल्या सत्राच्या युनिटवर पेन्सिल ठेवून त्या विचारत होत्या.

"सेंट्रल टेंडन्सी, डिस्पर्शन झालंय. स्क्यूनेस झालंय. इंडेक्स नंबर्स?"

"नाही मॅडम, आमच्याकडे ते एसवायला होतं."

"टाइम सिरीज?"

"तेही एसवायला."

त्यांनी त्या दोन युनिटांभोवती एक गोल काढला. मग दुसरं सत्र. प्रोबॅबिलिटी जुळली, डिस्क्रीट डिस्ट्रिब्यूशन्सचा पेपर जुळला नाही, आमच्याकडे त्यातलं फक्त बायनॉमियल आणि पॉइसाँ झालं होतं. आणखी एक गोल. प्रत्येक गोल २ क्रेडिटचा. मेजरमधले ४ क्रेडिट तिथेच कमी पडले.

प्रॅक्टिकलला मात्र मी वाचले, आणि त्याचं श्रेय माझ्या जर्नलला. कुणी मागितलं नव्हतं, सहज पिशवीत टाकलं होतं. मॅडमनी पानं उलटली, प्रत्येक प्रॅक्टिकलखाली तारीख आणि सही, शेवटी सर्टिफाईड असल्याचा शिक्का. "हे बरं केलंस आणलंस ते," म्हणाल्या, आणि संख्याशास्त्राची प्रॅक्टिकल्स दोन्ही सत्रांची पूर्ण धरली. मग संगणकाचं जर्नल मागितलं. संगणकशास्त्र हा विषय त्यांच्या रचनेत माझ्यासाठी कुठेच नव्हता, पण व्हीएससी हा मेजरशी संबंधित कौशल्याचा खाना असतो आणि त्यात त्यांची मुलं कॉम्प्युटरवर डेटा हाताळायला शिकली होती. माझ्या पायथनच्या प्रॅक्टिकल्सचे ४ क्रेडिट तिथे बसवले. माझ्या अंदाजाने जर्नल नसतं तर हेही झालं नसतं. मार्कशीटवर नुसतं 'संगणकशास्त्र प्रॅक्टिकल' एवढंच छापलेलं होतं.

गणिताचे ८ क्रेडिट होते. मायनर म्हणून गणित घेतलं तर एफवायच्या मायनरचे २ त्यातून सुटत होते. राहिले ६. मी भोळेपणाने विचारलं, "सर, हे ओईमध्ये धरता येतील का? ओईचे माझे ४ कमी पडतायत." सर हसले. ओई हा मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच लागतो. बीएस्सीच्या मुलीने वाणिज्य किंवा मानव्यविद्येतलं काहीतरी शिकावं हाच तर त्यामागचा हेतू. गणित कितीही अवघड असलं तरी ते तिथे चालत नाही.

बाकी भाषा, मूल्यशिक्षण, आयकेएस आणि एसईसी बिनबोभाट पार पडलं. सीसीचे त्यांच्याकडे दोन्ही सत्रांत मिळून ४, माझे एनएसएसचे २. शेवटी परीक्षा विभागाच्या सरांनी जो तक्ता केला तो असा होता: मेजरचे १२ पैकी ८, मायनरचे २ पैकी २, ओईचे ८ पैकी ४, व्हीएससी आणि एसईसीचे प्रत्येकी ४ पैकी ४, एईसी आणि व्हीईसीचेही तसेच, आयकेएसचे २ पैकी २, सीसीचे ४ पैकी २. बेरीज ३४. कमी पडले १०. आणि गणिताचे ६ व संगणकाच्या थिअरीचे ४ मिळून जादा झाले, तेही १०च. म्हणजे ४४ ला ४४ जुळले होते, फक्त दहा इकडे शिल्लक आणि दहा तिकडे बाकी. सरांना हे मोठं गमतीशीर वाटलं. मला नाही वाटलं.

गणिताचे ते ६ क्रेडिट माझ्या डोक्यातून जाईनात. या कॉलेजात तिसऱ्या सत्राला मायनरचे ४ क्रेडिट असतात. मी त्यांचा सिलॅबस काढून बघितला. कॅल्क्युलस आणि अल्जिब्रा, आणि त्यातलं बहुतेक सगळं माझं पहिल्या वर्षी होऊन गेलेलं. मी अर्ज केला की माझे जादा क्रेडिट तिसऱ्या सत्राच्या मायनरपोटी धरावेत. पहिलं उत्तर नकाराचं आलं, आणि कारण बिनतोड होतं. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षागणिक पातळी असते, पदवीचं पहिलं वर्ष ४.५, दुसरं ५.०, तिसरं ५.५. खालच्या पातळीवर मिळवलेला क्रेडिट वरच्या पातळीच्या जागी कसा धरणार?

गणिताच्या सरांनी इथे माझी बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे मायनर सुरूच उशिरा होतो, त्यामुळे आपल्या तिसऱ्या सत्राच्या मायनरला जे शिकवतो ते गणिताच्या मेजरवाल्यांचं एफवायचंच असतं. कागदावर पातळी ५.० लिहिली म्हणून मजकूर बदलत नाही. त्यांनी दोन्ही सिलॅबस शेजारी ठेवून युनिटनिहाय खुणा केलेला एक कागद अभ्यास मंडळापुढे ठेवला. ४ क्रेडिट मान्य झाले. उरलेले २ नाहीत. पहिल्यांदा नकार आला की आपण कागद घेऊन घरी जातो, पण समकक्षता हा विषयाच्या माणसाचा निर्णय असतो, ऑफिसचा नव्हे. तुमचा विषय शिकवणारा माणूस तिथे बसलेला असेल तर त्याच्याशी विषयाच्याच भाषेत बोलता येतं. 'माझं वर्ष वाया जाईल हो' म्हणण्यापेक्षा 'युनिट तीन आणि चार बघा सर' म्हणणं जास्त उपयोगी पडलं, हा माझा अनुभव.

आता पॉइंटर.

जुन्या विद्यापीठात ८० च्या वर ओ म्हणजे १०, ७० च्या घरात ए प्लस म्हणजे ९, ६० च्या घरात ए म्हणजे ८, अशी उतरंड होती. नव्या कॉलेजात ओ मिळवायला ९० लागतात, ८० च्या घरात ए प्लस, ७० च्या घरात ए, ६० च्या घरात बी प्लस. दोन्ही दहाच्याच पट्टीवर, अक्षरंही तीच. यूजीसीने सुचवलेली दहा गुणांची पट्टी सगळीकडे आहे, पण किती टक्क्यांना कुठलं अक्षर द्यायचं हे ठरवणं संस्थेकडे आहे. त्यामुळे संख्याशास्त्रातले माझे ७६ तिकडे ए प्लस होते, इकडे नुसता ए.

नव्या कॉलेजचा नियम असा की बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची अक्षरं घ्यायची नाहीत, मूळ मार्क घ्यायचे आणि आपल्या तक्त्याप्रमाणे नवीन अक्षर द्यायचं. शिवाय पॉइंटरमध्ये धरायचे ते फक्त खान्यांत बसलेले ३४ क्रेडिट. जादाचे १० मोजणीबाहेर. सीजीपीएचं गणित सोपं असतं, प्रत्येक पेपरचा ग्रेड पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. जुन्या हिशेबाने ३८८ भागिले ४४, म्हणजे ८.८२. नव्या हिशेबाने २७२ भागिले ३४, म्हणजे बरोब्बर ८. भाषेच्या एका पेपरात ९२ होते, तेवढा एक ओ टिकला. बाकी प्रत्येक पेपर एकेक पायरी खाली उतरला.

मी ते ३४ क्रेडिट जुन्या अक्षरांनी मोजून बघितले, तर ३०४ भागिले ३४, म्हणजे ८.९४ येत होता. गणितात माझे मार्क कमी होते आणि गणिताचे बहुतेक क्रेडिट मोजणीबाहेर गेल्यामुळे उलट फायदा झाला असता. क्रेडिट तेच, मार्क तेच, आणि नियम कुठला लावता त्यावर ८.९४ किंवा ८.००.

चार दिवस मी चिडलेली होते. मग शांत डोक्याने विचार केला, तर मला नियम बरोबर वाटला, अजूनही वाटतो. माझ्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीला ७६ ला ए मिळत असेल आणि त्याच ७६ ला मला ए प्लस, तर त्या वर्गाची क्रमवारी लावणार कशी? मार्कांवरून नवं अक्षर देणं हीच त्यातल्या त्यात न्यायाची पद्धत आहे. मावसभाऊ अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात गेला, तिकडे बहुतेक ठिकाणी क्रेडिट तेवढे घेतात आणि ग्रेड मागेच ठेवतात, नवा जीपीए शून्यापासून सुरू. त्याचे आधीचे सी बरेच होते, तो खूश. मी त्याला म्हटलं, तुझं पाप धुऊन निघालं, माझं पुण्यही पायरीने घसरलं. तक्रार नियमाबद्दल नाही. तो माहितीपुस्तिकेत कुठेच छापलेला नव्हता आणि प्रवेश पक्का झाल्यावर तोंडी कळला, एवढीच तक्रार आहे. विचारायचा प्रश्न साधा आहे, 'ग्रेड घेता, मार्क घेता, की नुसते क्रेडिट?' तो प्रवेश घ्यायच्या आधी विचारावा आणि उत्तर लेखी मागावं.

आणि जुन्या मार्कशीटच्या मागे ग्रेडचा तक्ता छापलेला असतो, त्या पानाचीही झेरॉक्स काढून ठेवावी. पुढे कुठल्या अर्जात पहिल्या वर्षाचा पॉइंटर मागितला आणि दोन कागदांवर दोन आकडे दिसले, तर ते पान दाखवूनच सुटका होते. सीजीपीएवरून टक्के काढायचं सूत्रही विद्यापीठागणिक वेगळं असतं, म्हणून शक्य असेल तिथे मी टक्के लिहिताना मूळ मार्कांवरूनच लिहिते.

माझ्यासोबत प्रवेशासाठी आलेल्या एका मुलाचा दुसऱ्या सत्राचा एक पेपर राहिलेला होता. जुन्या कॉलेजात तो एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला पेपर नंतर द्यायच्या सवलतीवर, आरामात एसवायला गेला असता. इथे त्याची समकक्षतेची बैठकसुद्धा लागली नाही. नापास पेपरचा क्रेडिट जमाच झालेला नसतो, आणि तो पेपर पुन्हा द्यायचा तर जुन्या विद्यापीठाचा विद्यार्थी असावं लागतं. आधी तिकडे सुटून ये, मग बघू, असं सांगून परत पाठवला त्याला. उलट माझ्या जुन्या वर्गातली एकजण त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या कॉलेजात गेली, तिला दोन्ही प्राचार्यांची संमती आणि विद्यापीठाची परवानगी एवढ्यावर भागलं. तोच सिलॅबस, तोच तक्ता, पॉइंटर जसाच्या तसा.

थकबाकीचे दहा क्रेडिट एसवायसोबतच फेडायचे होते. तिसऱ्या सत्राचे मायनरचे ४ सुटल्यामुळे वेळापत्रकात जागा झाली. त्या तासांना मी एफवायच्या वर्गात जाऊन इंडेक्स नंबर्सचा पेपर केला, आणि चौथ्या सत्राला डिस्ट्रिब्यूशन्सचा. एफवायची मुलं पहिले काही दिवस मला 'ताई' म्हणायची, मग परीक्षा जवळ आल्यावर नोट्स मागायला लागली. ओईचे २ अर्थशास्त्राचा पेपर घेऊन कॉलेजात केले आणि २ स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, आठ आठवड्यांचा कोर्स. स्वयमचे क्रेडिट सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत घेता येतात, पण कोर्सला नाव नोंदवण्याआधी कॉलेजची मान्यता लागते, नाहीतर सर्टिफिकेट भिंतीवर लावायच्या कामाचं. सीसीला योग घेतला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

हल्लीच जुन्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिला तिसऱ्या वर्षाला इकडे यायचं होतं, टीसीचा अर्जही टाकून झाला होता. तिला सांगितलं, आधी एक हिशेब कर. ज्या संस्थेची पदवी घ्यायची तिथे किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात, हा एबीसीचाच नियम. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची, त्याचे निम्मे ६६. तू ८८ घेऊन येणार, इकडे एका वर्षात मिळणार ४४. म्हणजे खाने सगळे जुळले तरी २२ क्रेडिट जास्तीचे इकडे करावे लागतील, आणखी एक सत्र. चौथ्या वर्षापर्यंत थांबून ऑनर्स घेणार असशील तर १७६ चे निम्मे ८८, मग बसतं. तिला चौथं वर्ष करायचं नाहीये. तिने अर्ज मागे घेतला आणि पदवी तिकडेच पुरी करून एमएस्सीला इकडे यायचं ठरवलंय. माझे उरलेले ६ जादा क्रेडिट अजून एबीसीच्या खात्यात पडून आहेत. मिळवल्यापासून जास्तीत जास्त सात वर्षं ते राहतात, आणि या पदवीत ते कुठेच मोजले जाणार नाहीत.